एकांताची वाटणी

१९८४ सालचे एखादे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. टेबलावर आय.बी.एम.चा पीसी आहे, पडद्यावर लोटस १-२-३मध्ये ताळेबंद मांडलेला आहे आणि हिशेबनीस आकडे भरण्यात गढलेला आहे. तेवढ्यात दूरध्वनी वाजतो. पलीकडची व्यक्ती स्वतःचा नवा पत्ता सांगते आणि मागच्या महिन्यात आलेल्या पत्रात नेमके काय लिहिले होते, ते विचारते. पत्र याच संगणकावर टंकलेले आहे. पण ते पाहायचे तर ताळेबंद फ्लॉपीवर जतन करायचा, लोटसमधून बाहेर पडायचे, फ्लॉपी बदलायची, वर्डस्टार सुरू करायचे, पत्र शोधून वाचून दाखवायचे, आणि मग हीच सगळी वाट उलट चालून पुन्हा ताळेबंदापाशी यायचे. तोवर पलीकडच्याने फोन ठेवून दिलेला असण्याचीच शक्यता अधिक. नवा पत्ता अर्थातच कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिला जाई. हातातले काम न मोडता वापरता येईल असे टेबलावरचे साधन तेवढेच होते.

एका पडद्यावर अनेक कामे मांडून बसण्याची आज आपल्याला इतकी सवय झाली आहे की हा प्रसंग सांगोवांगीचा वाटावा. पण पीसीच्या जगात हा प्रश्न बऱ्यापैकी सुटायला १९८१ ते १९९५ अशी जवळजवळ पंधरा वर्षे लागली. प्रोसेसर मंद होते आणि मेमरी तुटपुंजी होती, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. खरी अडचण यंत्रापेक्षा आज्ञावल्यांच्या एका समजुतीत होती, असे मला वाटते. ती समजूत अशी, की या यंत्रात आपण एकटेच आहोत.

ही समजूत अज्ञानातून आलेली नव्हती. एकाच यंत्राकडून एकाच वेळी अनेक कामे करून घेण्याची विद्या पीसीपेक्षा वीस वर्षांनी जुनी आहे. एम.आय.टी.मध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली सी.टी.एस.एस. ही कालविभाजनाची प्रणाली चालवून दाखवली होती. तिच्यामागची युक्ती सांगायला सोपी आहे. प्रोसेसर एका क्षणी एकच काम करतो. म्हणून त्याला ठरावीक अंतराने टोला देणारे एक घड्याळ जोडायचे. टोला पडला की चालू काम जिथे असेल तिथे थांबवायचे, त्याची सगळी मांडामांड टिपून ठेवायची आणि दुसऱ्या कामाची टिपलेली मांडामांड पुन्हा उभी करून ते पुढे चालवायचे. ही अदलाबदल पुरेशा वेगाने झाली, की निरनिराळ्या टर्मिनलांपुढे बसलेल्या प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याच्या सेवेत असल्याचा भास होतो. पुढे १९६९-७०च्या सुमारास जन्मलेल्या युनिक्सने हीच विद्या लहान यंत्रांवर आणली.

मग पीसीने ती का टाकून दिली? याचे उत्तर 'पर्सनल' या शब्दातच आहे. कालविभाजनाचा उगम टंचाईत होता. यंत्र अतिशय महाग, माणसे अनेक. म्हणून यंत्राचा वेळ वाटून घ्यायचा. वाटून घेणे आले की रांग आली, परवानगी आली, वर बसलेला व्यवस्थापक आला. वैयक्तिक संगणकाचे सारे आकर्षण या वाटणीतून सुटण्यात होते. एक माणूस, एक यंत्र. जिथे दुसरा भागीदारच नाही, तिथे वाटणीचे शास्त्र हवे कशाला? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्यातली चूक फोन वाजल्यावर कळते. एका माणसाला एक यंत्र पुरते हे खरे, पण एक माणूस म्हणजे एक काम नव्हे. तोच मनुष्य हिशेब करतो, पत्रे लिहितो, निरोप घेतो आणि मध्येच त्याला उद्याच्या भेटीची आठवण होते.

ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या आय.बी.एम. पीसीत इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याची गती ४.७७ मेगाहर्ट्झ. त्याला एकंदर एक मेगाबाइट मेमरी दिसू शके. त्यापैकी ६४० किलोबाइट आज्ञावल्यांसाठी आणि उरलेली पडदा व इतर यंत्रभागांसाठी राखलेली. डॉस या कार्यप्रणालीचे काम मुख्यतः फायली सांभाळणे आणि आज्ञावली मेमरीत चढवून तिच्या हाती यंत्र सोपवणे, एवढेच. त्यानंतर आज्ञावली संपेपर्यंत ती सांगेल ते प्रमाण. ८०८८मध्ये एका आज्ञावलीला दुसरीच्या जागेत शिरण्यापासून रोखणारी कोणतीही भिंत नव्हती.

हे स्वातंत्र्य सगळ्यांनी मनसोक्त उपभोगले. १९८३च्या जानेवारीत बाजारात आलेल्या लोटस १-२-३ने तर त्यावरच आपले वैभव उभारले. पडद्यावर अक्षर उमटवायचे तर कार्यप्रणालीला विनंती करावी, असा राजमार्ग होता. पण तो मंद होता. लोटसने पडद्यासाठी राखलेल्या मेमरीत थेट आकडे लिहायला सुरुवात केली आणि ताळेबंद डोळ्यांदेखत झरझर हलू लागला. ग्राहकाला हीच चपळाई हवी होती. यात उद्धटपणा कोणताच नव्हता. घरात दुसरे कोणी राहतच नसेल, तर दार वाजवून आत जाण्यात काय अर्थ?

या एकांड्या घरात पहिले पाहुणे आले ते काहीशा आडमार्गाने. डॉसमध्ये आज्ञावलीला आपले काम संपल्याचे कळवूनही मेमरीतली जागा न सोडण्याची सोय होती. निरोप घेऊन उठावे आणि ओसरीवर बसून राहावे, तसा हा प्रकार. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून अशा आज्ञावल्यांना टी.एस.आर. म्हणत. मार्च १९८३मधल्या डॉस २.०मध्ये दुसरे काम चालू असताना मागच्या मागे छपाई करणारी 'प्रिंट' ही आज्ञा आली, ती याच जातीची. परंतु या युक्तीचे सोने केले ते कॅलिफोर्नियातल्या फिलिप कान यांच्या बोरलँड या कंपनीने. १९८४ साली तिने 'साइडकिक' विकायला काढले. त्यात टिपणवही होती, गणकयंत्र होते, दिनदर्शिका होती, दूरध्वनी क्रमांकांची यादी होती. लोटस चालू असतानाच दोन कळा एकदम दाबल्या की ताळेबंदावर टिपणवही अवतरे. काम झाले की ती नाहीशी होई आणि खालचा ताळेबंद जसाच्या तसा असे.

हे साधले कसे? कळ दाबली की प्रोसेसर हातातले काम थांबवतो आणि मेमरीच्या तळाशी असलेल्या एका कोष्टकात पाहून कळफलकाचे काम पाहणाऱ्या आज्ञांकडे वळतो. याला तांत्रिक भाषेत इंटरप्ट म्हणजे शब्दशः 'व्यत्यय' म्हणतात. साइडकिक त्या कोष्टकातला मूळ पत्ता टिपून ठेवी आणि त्या जागी स्वतःचा पत्ता लिही. मग प्रत्येक कळ आधी तिच्याकडे येई. आपली खूण असेल तर ती जागी होई. नसेल तर कळ मूळ मालकाकडे पाठवून देई. शास्त्राच्या काटेकोर अर्थाने हे मल्टिटास्किंग नव्हे, कारण टिपणवही उघडी असताना लोटस निपचित पडून असे. पण हिशेबनिसाला शास्त्र नको होते. हातातले काम न मोडता दुसरीकडे वळून परत येणे त्याला हवे होते, आणि ते मिळाले.

मात्र ओसरीवर एकाहून अधिक पाहुणे जमले की भांडणे ठरलेली. प्रत्येकाला कळफलक आपल्याकडे आधी यायला हवा असे; साइडकिकला तर सर्वांच्या शेवटी मेमरीत चढवावे लागे, म्हणजे ते साखळीच्या तोंडाशी राही. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. डॉस एका वेळी एकाचीच विनंती हाताळू शके. एक फाईल लिहिली जात असताना मध्येच ओसरीवरच्या पाहुण्याने दुसरी फाईल मागितली, तर डॉसची स्वतःचीच मांडामांड विस्कटे आणि यंत्र गोठे. आपण कामात आहोत की मोकळे, हे दाखवणारी एक खूण डॉसच्या पोटात होती. पण अधिकृत माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. प्रोग्रामरांनी डॉसची चिरफाड करून ती शोधली आणि एकमेकांना सांगितली. अशा गुपितांवर १९९० साली 'अनडॉक्युमेंटेड डॉस' नावाचा जाडजूड ग्रंथच निघाला.

पाहुण्यांना ओसरीवरून घरात घेण्याचे, म्हणजे पूर्ण आकाराच्या अनेक आज्ञावल्या शेजारी शेजारी चालवण्याचे प्रयत्नही याच सुमारास सुरू झाले. १९८५ साली आय.बी.एम.ने 'टॉपव्ह्यू' बाजारात आणले, तर क्वार्टरडेक या छोट्या कंपनीने 'डेस्कव्ह्यू'. दोन्ही डॉसवर स्वार होत आणि एकाहून अधिक आज्ञावल्यांना आळीपाळीने वेळ देत. यांच्या साहित्यात एक नवी परिभाषा आढळते, ती मला मोठी उद्बोधक वाटते. आज्ञावल्यांचे तिथे दोन वर्ग केलेले असत: सद्वर्तनी आणि गैरवर्तनी. जी पडद्यावर लिहिण्यापूर्वी विचारते ती सद्वर्तनी. जी थेट लिहिते ती गैरवर्तनी. प्रत्येक आज्ञावलीच्या वागणुकीची नोंद असलेली एक छोटी फाईल सोबत ठेवावी लागे. हिला किती मेमरी लागते, ही पडद्यावर थेट लिहिते का, असे तपशील तिच्यात असत. पुढे विंडोजनेही हीच पद्धत उचलली. काल ज्या चपळाईबद्दल लोटसची वाहवा झाली होती, तीच आज चारित्र्यातला दोष म्हणून नोंदवली जाऊ लागली. आज्ञावली बदलली नव्हती. तिला शेजार आला होता.

टॉपव्ह्यू फारसे चालले नाही. डेस्कव्ह्यूला मात्र निष्ठावंत मिळाले, विशेषतः घरच्या संगणकावर मॉडेम लावून सार्वजनिक संदेशफलक चालवणारे हौशी लोक. एका खिडकीत संदेशफलक अहोरात्र चालू आणि दुसरीत आपले लेखन, अशी सोय त्यांना दुसरीकडे सहजी मिळत नव्हती. तरीही ६४० किलोबाइटांत दोन मोठ्या आज्ञावल्या कोंबणे म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडे मांडणे होते.

यंत्राच्या मर्यादेचे कारण अपुरे आहे असे वर म्हटले, त्याचा पुरावा याच वर्षाने दिला. जुलै १९८५मध्ये कमोडोर कंपनीने 'अमिगा' सादर केला. मोटोरोलाचा ६८००० हा प्रोसेसर, सुमारे ७ मेगाहर्ट्झची गती, अवघी २५६ किलोबाइट मेमरी. आणि तरीही पहिल्या दिवसापासून घड्याळाच्या टोल्यावर चालणारे खरेखुरे मल्टिटास्किंग. कार्ल सॅसेनराथ यांनी त्याचा गाभा लिहिला होता. अमिगाला हे जमले, कारण त्याला भूतकाळ नव्हता. सांभाळून घ्यावी अशी एकही जुनी आज्ञावली त्याच्या पदरी नव्हती. पहिल्या आज्ञावलीपासूनच शेजार गृहीत होता. अर्थात भिंती तिथेही नव्हत्या, त्यामुळे एक आज्ञावली बहकली तर सगळे यंत्र कोसळे. १९९४ साली कमोडोरचे दिवाळे निघाले. पीसीपाशी जे ओझे होते, तीच त्याची संपत्तीही होती. लोक पीसी घेत ते त्या जुन्या आज्ञावल्यांसाठीच.

२० नोव्हेंबर १९८५ रोजी आलेल्या विंडोज १.०ने वेगळा मार्ग धरला. तिथे खास विंडोजसाठी लिहिलेल्या आज्ञावल्यांनी एक शिष्टाचार पाळायचा होता. प्रत्येकीने थोडे काम करावे आणि 'आता पुढचा निरोप काय?' असे प्रणालीला विचारावे. त्या विचारण्याच्या क्षणी प्रणाली दुसरीला संधी देई. अॅपलच्या मॅकिंटॉशवर १९८७ साली आलेले मल्टिफाइंडरही याच तत्त्वावर चालले. या सहकारी पद्धतीला हसण्याची आता प्रथा आहे, पण तिचे गुण होते. आज्ञावली मध्येच कापली जात नसल्याने तिचे लेखन सोपे होई, आणि लहानशा यंत्रावर अदलाबदलीचा भार कमी पडे.

वक्त्याने वेळेचे भान ठेवून स्वतःहून खाली बसावे, अशी ही सभा. बहुतेक वक्ते बसतातही. पण ध्वनिक्षेपक न सोडणारा एकच वक्ता सगळी सभा वेठीला धरू शकतो. विंडोज ३.१वर काम केलेल्यांना ते वाळूचे घड्याळ आठवत असेल: एका खिडकीत लांबलचक आकडेमोड सुरू झाली की बाकीच्या खिडक्या चित्रासारख्या स्तब्ध. १९९१ साली आलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये 'डूइव्हेंट्स' अशी एक आज्ञा होती. 'क्षणभर थांबतो, कुणाचे काही असल्यास उरकून घ्या' एवढाच तिचा अर्थ. लांब आवर्तनांच्या मध्ये ती घालणे प्रोग्रामरच्या सौजन्यावर सोडलेले होते. आणि ते राहून जाई ते दुष्टपणामुळे नव्हे. आपली आज्ञावली तपासताना प्रोग्रामर तिच्याचकडे पाहत असतो, आणि ती तर उत्तम चाललेली असते. तिने थांबायला हवे होते हे ज्याला जाणवते, तो शेजारी त्या वेळी तिथे नसतो. शिष्टाचारावर उभ्या असलेल्या व्यवस्थेचा हा दोष संगणकापुरता मर्यादित नाही.

घंटा वाजताच ध्वनिक्षेपक बंद करणारा सभापती विंडोजमध्येही होता. पण तो भलत्याच मंडळींच्या वाट्याला आला. त्याची कथा इंटेलच्या ८०३८६ या प्रोसेसरपासून सुरू होते. १९८५च्या ऑक्टोबरात जाहीर झालेल्या या प्रोसेसरमध्ये एक विलक्षण सोय होती. तो एखाद्या डॉस आज्ञावलीला एक आभासी ८०८६ यंत्र देऊ शके: तेवढीच एक मेगाबाइट मेमरी, तसाच पडदा, तशीच कोष्टके. आज्ञावली आपल्या जुन्या खोडीप्रमाणे पडद्याच्या मेमरीत थेट लिही. पण प्रोसेसर ते लिखाण गुपचूप दुसऱ्याच जागी वळवी. ती यंत्रभागांना हात घालू गेली, की नियंत्रण वर बसलेल्या देखरेख्याकडे जाई. तो हवे ते करून, काहीच घडले नाही अशा आविर्भावात तिला पुढे जाऊ देई. १९८७च्या विंडोज/३८६ने आणि त्याच सुमारास डेस्कव्ह्यूने ही सोय वापरली.

परिणाम मोठा विपरीत झाला. विंडोजच्या साऱ्या सद्वर्तनी आज्ञावल्या मिळून एका आभासी यंत्रात राहत आणि आपसांत सौजन्याने वेळ वाटून घेत. याउलट प्रत्येक गैरवर्तनी डॉस आज्ञावलीला स्वतंत्र आभासी यंत्र मिळे, आणि या यंत्रांमध्ये वेळेची वाटणी घड्याळ सक्तीने करी. म्हणजे शिष्टाचार शिकलेल्यांना एकत्र कुटुंबाची दाटी आणि न शिकलेल्यांना स्वतंत्र बंगला. १९९२च्या विंडोज ३.१पर्यंत हीच स्थिती होती.

आज्ञावलीला न सांगता तिचे जग बदलण्याची ही कल्पना आपल्याकडेही, वेगळ्या कारणासाठी, कामाला आली. १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने प्रसारात आणलेले जिस्ट कार्ड पीसीत बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डीबेससारख्या मजकुरी आज्ञावलीत देवनागरी टंकता आणि वाचता येई. डीबेसच्या लेखी ते केवळ काही बाइट होते. त्यांची अक्षरे होत ती तिच्या आणि पडद्याच्या मधल्या जागेत. मराठी नोंदी आपण सांभाळत आहोत याचा तिला पत्ताही नसे. जुन्या आज्ञावल्या सुधारण्यापेक्षा त्यांच्या भोवतालचा भास बदलणे सोपे असते, हाच धडा इथेही दिसतो.

उरलेला इतिहास हा धडा सर्वांना लागू करण्याचा आहे. डिसेंबर १९८७मध्ये आलेल्या ओएस/२ला सक्तीची वाटणी पहिल्यापासून येत होती. पण ती ८०२८६ प्रोसेसरसाठी लिहिलेली असल्याने तिच्यात एकच डॉस आज्ञावली चाले, आणि मागे ठेवली की तीही थिजे. १९९२च्या ओएस/२ २.०ने ते उणे भरून काढले, तरी कळफलक आणि माउसचे संदेश सर्वांसाठी एकाच रांगेतून येत राहिले; रांगेच्या तोंडाशी एखादी आज्ञावली अडली की पडदा अडे. जुलै १९९३च्या विंडोज एनटीने प्रत्येक नव्या आज्ञावलीला भिंतींनी बंदिस्त अशी स्वतंत्र मेमरी दिली. २४ ऑगस्ट १९९५च्या विंडोज ९५ने सक्तीची वाटणी घराघरांत नेली, पण जुन्या सोळा-बिटी विंडोज आज्ञावल्यांचे एकत्र कुटुंब तसेच ठेवून. तिथला एखादा हटून बसला, तर सगळे घर खोळंबायचे. सामान्य ग्राहकासाठी हे ओझे २००१ साली उतरले. त्या वर्षी मार्चमध्ये मॅक ओएस टेन आणि ऑक्टोबरात एनटीच्या पायावर उभे असलेले विंडोज एक्स्पी आले.

या पंधरा-वीस वर्षांकडे मागे वळून पाहताना एक गोष्ट ध्यानात येते. आज्ञावल्यांना एकत्र नांदायला शिकवण्याचे प्रयत्न अखेर मागे पडले. टिकले ते दुसरेच: प्रत्येकीला तिचा एकांत परत करणे. आजची आज्ञावली १९८३च्या लोटसइतकीच आपण एकट्या आहोत असे मानून चालू शकते. फरक इतकाच, की ही समजूत आता कुणीतरी जाणूनबुजून राखलेली आहे. २००८ साली गूगलच्या क्रोम या न्याहाळकाने निरनिराळ्या पानांना वेगवेगळ्या प्रक्रियांत ठेवून हाच उपाय एका आज्ञावलीच्या पोटात पुन्हा योजला. आणि २००७ साली आयफोन आला तेव्हा, 'एक माणूस, एक यंत्र, एक काम' हे जुने गृहीतकही परतले होते. बाहेरच्या अॅपांना मागे राहून काही मोजकी कामे करण्याची मुभा मिळायला २०१० उजाडले.

जुन्या सोबत्यांचे काय झाले? चौसष्ट-बिटी विंडोजमध्ये डॉस आज्ञावल्यांची ती आभासी यंत्रे उरली नाहीत, कारण त्या अवस्थेत प्रोसेसरच ती सोय देत नाही. पण २००२ सालापासून उपलब्ध असलेले डॉसबॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर तेच काम शुद्ध नकलेने करते. त्यात आजही लोटस सुरू करता येते. ते पडद्याच्या मेमरीत थेट आकडे लिहिते, सारी ६४० किलोबाइट मेमरी आपलीच आहे असे धरून चालते, आणि शेजारच्या खिडकीत आपण पत्र लिहीत असलो तरी त्याला त्याची कल्पना नसते. फोन वाजला, तर ताळेबंद आता मोडावा लागत नाही.